फ्लॅश पेटीतच होता

भुसावळ
९ जानेवारी १९९५

हिलालकाका, जय भीम.

मी वृषाली. प्रदीप सुरवाड्यांची मुलगी, लिंबायतला तुमच्या स्टुडिओच्या मागच्या गल्लीत राहायचो ते. सप्टेंबरात प्लेगच्या बातम्या सुरू झाल्या, सगळी सुरत पळत सुटली, त्यात आम्हीही निघालो आणि भुसावळला मामाकडे आलो. बाबा म्हणत होते पंधरा दिवसांनी परत जाऊ. पण पलसाण्याच्या मिलनं त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. आता बाबा इथं मालधक्क्यावर कामाला जातात.

तुमच्याकडे एक मागायचं आहे. त्र्याण्णवच्या डिसेंबरात जिल्ह्याच्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मी लाकडी घोड्यावरून उडी मारताना पडले, त्या दिवशी तुम्ही पेपरसाठी फोटो काढत होता. माझ्या त्या उडीचा एखादा फोटो असला तर पाठवा. कसाही चालेल. हललेला असला तरी चालेल.

का ते सांगते. मला ती उडीच आठवत नाही. धावत निघाले ते आठवतं, उसळत्या फळीवर पाय आपटले ते आठवतं, मग एकदम गादीवर, आणि डावा हात कोपरातून उलटा. दवाखान्यात अनुसयाबेन मला म्हणाल्या, "तू ऐनवेळी कचरलीस. कचरणाऱ्याला घोडा फेकतोच." त्या आमच्या कोच, त्यांचं खोटं कसं असेल? पण काका, दोन वर्षं मी तीच उडी मारत होते, एकदाही कचरले नव्हते. बाबांना वाटतं लोक बघायला आले म्हणून मी भाव खायला गेले. मला फक्त माझे हात बघायचे आहेत. ते घोड्यावर कुठं पडले, की पडलेच नाहीत.

इथं विहाराच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात-आठ मुली माझ्याकडे शिकायला येतात. घोडा नाही, भुशाची पोती रचून त्यावर गोधडी टाकतो. त्यांना नेमकं काय करू नका म्हणून सांगायचं ते मलाच माहीत नाही. सध्या "हळू धावा" एवढंच सांगते. हळू धावून उडी होत नाही, पण दुसरं काय सांगू?

पडले त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात आमच्याबरोबर बसून राहिलात ते आई अजून सगळ्यांना सांगते.

तुमची
वृषाली


लिंबायत, सुरत
२ फेब्रुवारी १९९५

चि. वृषाली, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. लग्नाची कामं होती, उत्तराला उशीर झाला.

फोटो नाही गं. त्या हॉलचा उजेड तुला माहीतच आहे. वर आठ मर्क्युरीचे दिवे, त्यातले तीन बंद आणि उरलेले लपकणारे, क्षणात मंद क्षणात लख्ख. डोळ्यांना वाटतं भरपूर आहे, कॅमेऱ्याला तो दिवेलागणीसारखा लागतो. त्यात तुम्ही पोरी वाऱ्यासारख्या. आम्ही करतो काय, चारशे स्पीडची फिल्म सोळाशेची आहे असं धरून फोटो काढायचे आणि धुताना तिला रसायनात जास्त वेळ ठेवायचं. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात, पण माणूस ओळखू येतो. भिंग पूर्ण उघडं ठेवायचं. फोकस आधीच घोड्याच्या काठावर लावून ठेवायचा, कारण तुम्ही आल्यावर लावू म्हटलं तर तोवर तुम्ही पलीकडे उतरलेल्या असता. आणि बटण दाबायचं ते उडीच्या टोकाला. वर गेलेलं अंग खाली येण्याआधी जरासं थांबतं, तेवढंच आपलं. त्याच्या आधी दाबलं तरी धूर, नंतर दाबलं तरी धूर. छत्तीस फोटोंत दोन हाती लागले तर देव पावला म्हणायचं.

माझा फ्लॅश त्या दिवशी पेटीतच होता. तिथं फोटोवाला मी एकटाच, आणि पंचांनी सकाळीच फ्लॅशला मनाई केली होती. त्यामुळं रोल सगळा धुरकट आला. पुढं प्लेगच्या दिवसांत दुकान बंद राहिलं, त्यात जे सामान खराब झालं त्यात तोही गेला.

सरावाचा एक जुना फोटो पाठवतो. तू तोलाच्या पट्टीवर एका पायावर उभी आहेस. हा स्वच्छ आलाय, तू हलत नव्हतीस म्हणून.

अनुसयाबेनचं मनाला लावून घेऊ नकोस. खेळ म्हटला की पडणं आलंच.

तुझा
हिलालकाका


भुसावळ
१४ फेब्रुवारी १९९५

हिलालकाका, जय भीम.

फोटो मिळाला. आईनं तो आरशाच्या कडेला खोचून ठेवलाय.

तुमच्या पत्रानं एक गोष्ट मिटली. मागच्या पत्रात मी उडी आठवत नाही असं लिहिलं होतं. अगदीच काही आठवत नाही असं नाही. पांढरं आठवतं. हात पुढे टाकले आणि समोर सगळं पांढरं झालं, घोडाच दिसेना. मी मनात धरून बसले होते की कुणीतरी फ्लॅश मारला असेल. तसं कुणाला बोलले नाही, कारण पडल्यावर दुसऱ्याचं नाव घेतलं असं वाटायला नको. आता तुम्हीच लिहिलंत की फोटोवाले तुम्ही एकटे आणि फ्लॅश पेटीत. म्हणजे ते पांढरं माझ्याच डोक्यातलं.

दिवाळीत हे पांढऱ्याचं मी मामाला सांगितलं होतं. मामानं इथल्या एका डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, डोळ्यांपुढे पांढरं येऊन मधलं काही आठवत नसेल तर ती फिट असते. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत, अजून दोन-तीन वर्षं घ्यायच्या. दिवसभर झोप येते. जेवताना घास हातात घेऊन मी पेंगते, धाकटा भाऊ हसतो. सायकल बंद केली आहे. स्टोव्हजवळ एकटीनं जायचं नाही. तरी मी मामाला म्हणत होते, थांबा, हिलालकाकांचा फोटो येऊ द्या, मग कळेल. आता कळलंच.

नर्सिंगचा फॉर्म भरला होता. डावा हात पूर्ण सरळ होत नाही, पण तिथल्या बाई म्हणाल्या, एवढं चालतं. पुढं एक रकाना होता, फिट येतात का. बाबा खोटं लिहीत नाहीत. फॉर्म परत आला.

मुलींच्या उड्या बंद केल्या आहेत. नुसते वाकायचे, ताणायचे व्यायाम घेते. मलाच मध्ये काही झालं तर त्यांना कोण धरणार?

वृषाली


लिंबायत, सुरत
२० फेब्रुवारी १९९५

वृषाली,

पत्र आत्ता वाचलं आणि लगेच लिहितोय. तुला फिट येत नाही. त्या गोळ्या घेऊ नकोस, आजपासून बंद कर. घरात वाद घालू नकोस, नुसत्या घेऊ नकोस म्हणजे झालं.

कशावरून ते विचारू नकोस. दोन वर्षं तुझ्या उड्या मी भिंगातून पाहिल्या आहेत. तसला आजार असता तर मला दिसला असता. या काकावर एवढा विश्वास ठेव. आणि नर्सिंगचा फॉर्म पुन्हा भर.

हिलालकाका


भुसावळ
११ मार्च १९९५

हिलालभाऊ यांस प्रदीप सुरवाडे यांचा जय भीम.

तुमचं वीस तारखेचं पत्र वृषालीच्या वहीत सापडलं. तिनं तुमचं ऐकलं. आम्हाला न सांगता रोजची गोळी मोरीत टाकत होती. सहाव्या दिवशी विहारात मुलींच्या समोर तिला फिट आली. दातखीळ बसली, जीभ चावली गेली, पाच-सात मिनिटं भान नव्हतं. एक मुलगी रडत बोलवायला आली. मी पोचलो तर ती फरशीवर पडलेली आणि मुली भिंतीला चिकटून उभ्या.

आता शंकेला जागाच नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. मुलींच्या आयांनी मुली पाठवणं बंद केलं. त्यांचंही बरोबर आहे.

भाऊ, तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. तुम्ही दवाखान्यात दिवसभर आमच्याजवळ बसलात, मी काही खात नव्हतो तर बळेच चहा पाजलात. हे मी विसरणारा माणूस नाही. मायेपोटीच लिहिलं असणार. पण तुम्ही डॉक्टर नाही. कशावरून लिहिलंत तेवढं कळवा, कारण वृषाली रोज तेच विचारते. "बाबा, काकांना काय माहीत होतं?" मी तिला सांगतो, काका भला माणूस आहे, त्याला काही माहीत असतं तर त्यानं सांगितलं असतं.

आपला
प्रदीप


लिंबायत, सुरत
१६ मार्च १९९५

प्रदीपभाऊ आणि वृषाली,

हे पत्र दोघांना आहे. अंजनावहिनींनाही वाचून दाखवा.

फ्लॅश पेटीत नव्हता. कॅमेऱ्यावर होता, आणि तो मी मारला.

सोबत पाकिटात फोटो आहे, नेगेटिव्हही आहे. रोल खराब झाला नव्हता. सव्वा वर्ष तो माझ्या कपाटात होता. फोटो आधी बघा, मग पुढचं वाचा.

वृषाली, तुझे दोन्ही हात समोर आहेत, सरळ, बोटं पसरलेली, घोड्यापासून वीतभर अंतरावर. मान जिथं हवी तिथं. डोळे उघडे. मी खेळातला जाणकार नाही, पण दोन वर्षं उड्या पाहिल्या आहेत. तू कचरली नव्हतीस. भाव खात नव्हतीस. तुझी उडी बरोबर होती. फोटो एवढा स्वच्छ आलाय तो फ्लॅशमुळे, आणि त्याच उजेडानं तुला घोडा दिसेनासा झाला.

ज्या पेपरला मी फोटो देत होतो, तिथल्या माणसानं सलग तिसऱ्यांदा माझे फोटो परत केले होते. एक उचलून म्हणाला, "आ शुं छे? भूत?" पुढच्या वेळी दुसऱ्याला पाठवतो म्हणाला. स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून दिवे लपकत होते, बोटांना कळत होतं की आजही धूरच मिळणार आहे. फ्लॅश बक्षीस समारंभासाठी आणला होता. तुझं नाव पुकारलं तेव्हा मी तो वर चढवला. मनाई मला माहीत होती. म्हटलं, एकच, आणि तोही ती गादीवर उतरल्यावर, पाय टेकल्यावर. तेव्हा काही होत नाही. पण तू फळीवरून सुटलीस ती इतकी सुंदर सुटलीस की बोट थांबलं नाही. यापेक्षा दुसरं कारण माझ्याकडे नाही.

तू पडलीस, सगळे तुझ्याकडे धावले. मी फ्लॅश काढून पेटीत टाकला. एका पंचबाईंनी विचारलं, "फ्लॅश कुणी मारला का?" मी म्हणालो, "दिवा लपकला असेल, बेन." अनुसयाबेनची पाठ माझ्याकडे होती, त्यांना काही दिसलं नाही.

प्रदीपभाऊ, दवाखान्यात मी दिवसभर बसलो ते मायेनं नाही. हात बसवताना दिलेली भूल उतरल्यावर ती काय बोलते ते ऐकायला बसलो होतो. ती काही बोलली नाही तेव्हा मला हायसं वाटलं आणि मी तुमच्यासाठी चहा आणला.

जानेवारीत तिनं सरळ फोटो मागितला होता. मी खोटं लिहिलं. मग गोळ्यांचं वाचलं, तरी स्वतःला वाचवून तिला वाचवायला गेलो. परवा तुमचं पत्र घेऊन इथल्या एका डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, असल्या गोळ्या एकदम तोडल्या की निरोगी माणसालाही फिट येऊ शकते. म्हणजे विहारातली फिटही माझ्याच पत्रानं आली.

गोळ्या आता स्वतःहून कमी करू नका. जळगावला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. त्यांच्यासाठी वेगळ्या कागदावर सगळं लिहून खाली सही केली आहे. तो कागद कुणालाही दाखवा, पोलिसांना द्यायचा असला तरी द्या.

हिलाल बडगुजर


भुसावळ
३० जून १९९५

हिलालकाका,

काका लिहिलं, कारण दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही.

तुमचं पत्र बाबांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. चहाच्या ओळीपर्यंत आले आणि कागद माझ्याकडे सरकवला. पुढचं मी वाचलं. आईनं आरशाच्या कडेचा फोटो काढून चुलीत घातला. बाबा दुसऱ्या दिवशी सुरतेला निघाले होते, मामानं स्टेशनवरून परत आणलं. त्यानंतर ते तुमच्याबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. मला मात्र म्हणाले, "मी तुला भाव खायला गेलीस म्हणायचो." आणि उठून बाहेर गेले.

जळगावच्या डॉक्टरांनी तुमचा कागद वाचला, फोटो खिडकीशी धरून बराच वेळ बघितला. पहिली फिट नव्हतीच म्हणाले. दुसरी गोळ्या तुटल्यामुळे. आता दर महिन्याला थोडी थोडी कमी करायची आहे. पण फिट आली हे कागदावर चढलंय, त्यामुळं दोन वर्षं काही झालं नाही असं दाखवल्याशिवाय नर्सिंगला घेत नाहीत. म्हणजे सत्त्याण्णव. तोवर घरीच. बरोबरीच्या दोघी याच महिन्यात गेल्या.

मुली अजून आलेल्या नाहीत. एकीची आई बाजारात भेटली, तिला मी सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे, आता तिला शिवणाच्या क्लासला घातलंय."

हाताचा राग येतो. सकाळी वेणी घालताना रोज येतो. पण ते तुमचं बोट होतं, चुकलं. फेब्रुवारीत तुम्ही टेबलाशी बसून, पेन घेऊन, मला फोटो कसे काढतात ते शिकवलंत. मी ते पत्र चारदा वाचलं होतं. उडीच्या टोकाला अंग थांबतं, ते मला फार आवडलं होतं. ती चार वाचनं मला परत हवी आहेत, ती कशी देणार?

एक काम करा. हॉलवरच्या माझ्या मैत्रिणीनं, मनीषानं, लिहिलंय की अनुसयाबेन अजून नव्या मुलींना सांगतात, "वृषालीसारख्या कचरू नका." तुम्ही तिथं जा. मुलींसमोर सांगा काय झालं ते. बेनना एकट्यात गाठून नाही. सांगून झालं की एक पत्र लिहा. त्यानंतर लिहू नका.

वृषाली


लिंबायत, सुरत
१८ जुलै १९९५

वृषाली,

शनिवारी गेलो. संध्याकाळचा सराव चालू होता, बारा-तेरा मुली होत्या. अनुसयाबेन टेप लावून एका मुलीची धाव मोजत होत्या. मी म्हणालो, "बेन, मुलींसमोर थोडं बोलायचंय." त्यांना वाटलं नवे फोटो आणलेत. त्यांनी मुलींना ओळीनं बसवलं.

मी उभ्यानं सांगितलं. फ्लॅशचं, पंचबाईंना काय म्हणालो त्याचं, तुला लिहिलेल्या पत्रांचं, गोळ्यांचं. फोटोची दुसरी प्रत नेली होती, ती बेनच्या हातात दिली. त्यांनी बघितली. तुझे हात बघितले. मग गादीवर बसल्या.

"आत्ता सांगता, हिलालभाई? दीड वर्षानं?"



ओळीत शेवटी एक छोटी मुलगी होती, सात-आठ वर्षांची. तिनं विचारलं, "फोटो सारो आव्यो?" मी म्हणालो, हो, चांगला आला. कुणी हसलं नाही.

बेन उठल्या. मुलींना म्हणाल्या, "वृषाली घबराई नहोती. सांभळ्युं? नहोती घबराई." वृषाली घाबरली नव्हती, असं तीन-चारदा म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हवे अहीं ना आवता." आता इथं येऊ नका, एवढंच. मी बाहेर पडलो. पेपरचं काम मी मार्चमध्येच सोडलं आहे. आता लग्नं आणि पासपोर्टचे फोटो. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तू विचारशील असंही नाही.

काल दुपारी बेन स्टुडिओत आल्या. कधी आल्या नव्हत्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. "हाताला प्लास्टर होतं," म्हणाल्या, "तिला धड उठता येत नव्हतं, आणि मी तिला कचरलीस म्हणाले. तिनं माझं खरं मानलं असेल ना?" मी म्हणालो, हो, मानलं. त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी दिला. तुला न विचारता दिला, ही आणखी एक चूक असेल.

येत्या रविवारी, तेवीस तारखेला, त्या सकाळच्या पॅसेंजरनं निघणार आहेत. संध्याकाळपर्यंत तुमच्या दारात असतील. प्रदीपभाऊंना आधी सांगून ठेव म्हणजे ते दार लावून घेणार नाहीत. बेनना आत घे, पाणी दे. त्यांनी तुला जे म्हटलं ते मी त्यांना खरं वाटू दिलं होतं. तुमच्या दारातून परत पाठवायला हवा असा एकच माणूस आहे, आणि तो येत नाही.

हिलाल